शाळेचे वर्ष नेमके कोणाच्या घरचे?

१/
मे महिना आला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले : "मास्तरांचे बरे आहे, दीड महिना सुट्टी!" दुसरे : "ही सुट्टी पूर्वी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ठेवली होती." पहिले वाक्य अर्धवट आहे आणि दुसरे चुकीचे. आजच्या थ्रेडमध्ये शाळेच्या सुट्ट्यांचा इतिहास पाहू आणि शेवटी माझे मत मांडतो. थ्रेड लांब आहे. पण सुट्टीच आहे, सावकाश वाचा.

२/
सुरुवात दूरवरून करावी लागेल. वेदाध्ययनाच्या परंपरेत सुट्टीला 'अनध्याय' असा शब्द आहे. धर्मसूत्रांत आणि स्मृतींत या विषयावर पानेच्या पाने आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायानुसार श्रावण किंवा भाद्रपदाच्या पौर्णिमेला उपाकर्म करून वेदाध्ययनाला आरंभ करायचा, साडेचार महिने ते नेटाने करायचे आणि पौषात उत्सर्जन करून सत्र संपवायचे. म्हणजे शैक्षणिक वर्ष पावसाळ्यात सुरू होण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. घरोघरी होणारी श्रावणी ही त्या सत्रारंभाचीच खूण आहे.

३/
सत्र चालू असतानाही अनध्याय पुष्कळ. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी या तिथी तर ठरलेल्याच. शिवाय वीज चमकली, मेघ गर्जले, धुळीचे वादळ उठले, कोल्हे-कुत्रे ओरडले, तरी पाठ थांबवायचा. मनू तर अशी भीतीच घालतो की अमावास्या गुरूचा घात करते आणि चतुर्दशी शिष्याचा. प्रतिपदेलाही अध्ययन वर्ज्य मानले जाई. म्हणूनच वाल्मीकिरामायणाच्या सुंदरकांडात, अशोकवनातील कृश झालेल्या सीतेला प्रतिपदेला अभ्यास करणाऱ्याच्या क्षीण विद्येची उपमा दिली आहे.

४/
सुट्टीचा आनंदही तितकाच जुना. आठव्या शतकातील भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा मानला जातो. त्याच्या 'उत्तररामचरिता'त चौथ्या अंकाच्या आरंभी वाल्मीकींच्या आश्रमात वसिष्ठादी थोर पाहुणे येतात आणि त्यामुळे 'शिष्टानध्याय' घोषित होतो. सौधातकी नावाचा बटू या पिकल्या दाढ्यांचे मनापासून स्वागत करतो. कारण त्यांच्यामुळे सुट्टी मिळाली! शाळेला तपासनीस यावा आणि दुपारनंतर शाळा सुटावी, तसाच हा प्रकार. लवाला अश्वमेधाचा घोडा दिसतो तोही याच सुट्टीच्या दिवशी.

५/
इथपर्यंत सारे गोड वाटते. पण मनुस्मृतीची तीच यादी पुढे वाचली की हसू मावळते. गावात प्रेत असेल तर अनध्याय. आणि शूद्र जवळ असेल तरीही अनध्याय. वीज, वादळ, प्रेत आणि एक जिवंत माणूस एकाच यादीत! ज्याने कधी पाठशाळेत पाऊलही टाकायचे नाही, त्याची नुसती उपस्थिती हे शाळा थांबवण्याचे कारण ठरते. सुट्ट्यांची यादी म्हटली की आपल्याला ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात शाळा कोणाला आपले मानते आणि कोणाला नाही, हे त्या यादीत उघडपणे लिहिलेले असते.

६/
या थ्रेडचे सूत्र तेच आहे. ज्या घरातले मूल शाळा गृहीत धरते, त्या घराचे वर्ष शाळेचे वर्ष होते. बाकीच्यांनी आपले वर्ष त्याच्याशी जुळवून घ्यायचे. नाही जुळले तर शाळा सोडायची. या कसोटीवर गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहू.

७/
इंग्रजपूर्व काळातील पंतोजींची शाळा गावाच्या आधाराने चाले. पंतोजींना मिळणारा मोबदला पुष्कळदा धान्याच्या आणि शिध्याच्या रूपात असे. दसऱ्याला पाटीपूजन होई, सणावाराला शाळा बंद राही. ओसरीवर किंवा देवळात भरणाऱ्या या शाळेला गावाचा दिनक्रम सोडून वेगळे वेळापत्रक असणे शक्यच नव्हते. पण 'गाव' म्हणजे गावातले सगळे नव्हेत. हिशेब आणि मोडी ज्यांच्या व्यवसायाला लागे, त्यांचीच मुले तिथे प्रामुख्याने दिसत. वेळ लवचीक होती. दार मात्र अरुंदच होते.

८/
सरकारी शाळा आल्या आणि त्यांच्याबरोबर कचेरीचे वेळापत्रक आले : अकराचा ठोका, साप्ताहिक रविवार, छापील सुट्ट्या. हा रविवार सर्वांच्या वाट्याला एकाच वेळी आला नाही. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. सात वर्षांचे मूल, नऊ तास! गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली, ती १८९० साली. एकाच शहरात एका मुलाला रविवार आपोआप मिळत होता आणि दुसऱ्याच्या बापाला त्यासाठी चळवळ उभारावी लागत होती.

९/
मुलाचे किंवा माणसाचे वर्ष बदलता येत नसेल, तर शाळेची वेळ बदलावी, हा विचार कृतीत आणला तो जोतीराव फुले यांनी. १८५५ साली त्यांनी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. तिचे महत्त्व आपण पुष्कळदा 'प्रौढशिक्षणाचा आरंभ' एवढ्यावरच आटोपतो. मला ती वेळापत्रकावरची टीका वाटते. दिवसा राबणाऱ्याला दिवसाची शाळा म्हणजे बंद शाळाच, हे त्यांनी ओळखले होते.

१०/
१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करण्याची मागणी केली, हे आपण शालेय पुस्तकात वाचतो. त्याच निवेदनातील दुसरा मुद्दा कमी वाचला जातो. खेड्यांतील शेतकरी वर्ग शाळेपासून दूर राहतो याची दोन कारणे ते सांगतात : पराकोटीचे दारिद्र्य, आणि गुरे राखायला व शेत सांभाळायला मुलांची लागणारी गरज. म्हणून शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, असे ते सुचवतात. मूल शाळेत का येत नाही याचे उत्तर ते मुलाच्या स्वभावात न शोधता त्याच्या घरात शोधतात.

११/
आता या थ्रेडमधील सर्वांत महत्त्वाचा कागद. हंटर आयोगाने १८८३ मध्ये अहवाल दिला. प्राथमिक शिक्षणाविषयीच्या शिफारशींत त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक : शक्य तिथे रात्रशाळांना उत्तेजन द्यावे. दोन : विद्यार्थ्यांनी दिवसातल्या कोणत्या वेळी आणि वर्षातल्या कोणत्या ऋतूत हजर राहावे याबाबत, विशेषतः शेतीप्रधान खेड्यांत आणि मागास जिल्ह्यांत, शक्य तितकी लवचीकता ठेवावी. साम्राज्य चालवणाऱ्यांच्या आयोगालाही १८८३ मध्ये हे उमगले होते की ऋतू सर्वांना सारखा नसतो. शिफारस कागदावर राहिली. सोसावे लागले ते खेड्यांना.

१२/
पुढचे युग सक्तीच्या शिक्षणाचे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध बडोदा संस्थानात नेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. मुले शाळेत गेली तर शेतावर मजूर कुठून येणार, ही जमीनदारांची धास्तीही त्या विरोधामागे होती. १९१७ मध्ये राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात सक्तीचा कायदा आणला. हे सारे प्रयत्न थोरच. पण त्यांचा भर मूल शाळेत आणण्यावर होता. शाळेने मुलाच्या ऋतूप्रमाणे वागावे, हा १८८३ चा विचार मागे पडला तो पडलाच.

१३/
स्वातंत्र्याच्या आगेमागे चर्चा रंगली ती दिवस मोजण्याची. वर्धा योजना आखणाऱ्या झाकीर हुसेन समितीने वर्षाला २८८ दिवस शाळा चालावी असे सुचवले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) २३४ दिवसांची शिफारस केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस ठरवून दिले. आकडे वेगवेगळे, पण मोजणी एकाच गोष्टीची : शाळा किती दिवस उघडी होती? त्या दिवशी मूल गावात होते का, हा प्रश्न या मोजणीत येतच नाही.

१४/
आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळू : "सुट्टी शेतकऱ्यांसाठी होती." कोरडवाहू महाराष्ट्राचे शेतीचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. मृग लागला की पेरणी, आणि त्याच आठवड्यांत शाळेचा पहिला दिवस. आषाढ-श्रावणात खुरपणी, तेव्हा पहिली घटक चाचणी. दिवाळीच्या पुढे कापसाची वेचणी, तेव्हा दुसरे सत्र. माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी, तेव्हा वार्षिक परीक्षेची तयारी. आणि शेतात सर्वांत कमी हात लागतात त्या वैशाखात शाळेला कुलूप. शेतकऱ्याच्या मुलाला सवड असते तेव्हा सुट्टी, आणि काम असते तेव्हा शाळा!

१५/
मग मे महिन्याची सुट्टी जुळते कोणाच्या वर्षाशी? मुंबई इलाख्याचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी जात आणि पावसाळ्यात पुण्यास. उच्च न्यायालयही मे महिन्यात सुट्टी घेते. शहरातले नोकरदार कुटुंब याच दिवसांत गावी जाते. आंबे, लग्ने, मामाचे घर. उष्मा हे कारण खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. पण उन्हाळ्याची सुट्टी सुखाची होण्यासाठी जाण्यासारखे एखादे गार ठिकाण लागते. ज्याच्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याची सुट्टी पाण्याच्या रांगेत जाते.

१६/
आणि भुकेचे काय? दुपारचे गरम जेवण शाळेत मिळते. शाळा बंद, जेवण बंद. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाला आदेश देऊन सांगावी लागली. २००४ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे. २०१६ च्या दुष्काळात हाच मुद्दा पुन्हा न्यायालयापुढे आला. सुट्टी म्हणजे विश्रांती, ही व्याख्या भरल्या ताटावर बसून केलेली आहे.

१७/
महाराष्ट्रात या विसंगतीचा सर्वांत मोठा फटका ऊसतोड कामगारांच्या मुलांना बसतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. फडाजवळ कोपी उभी राहते आणि थोरले मूल धाकट्याला सांभाळते. गाळप हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये ही घरे गावी परततात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावांत हंगामी वसतिगृहे निघाली, शिक्षण हमी कार्ड आले. या उपायांनी काही मुले टिकली, हे मान्य. पण मूळ वेळापत्रकाला कोणी हात लावला नाही.

१८/
परिणाम पाहा. मूल गावाबाहेर असते ते पाच-सहा महिने शाळा उघडी. मूल गावी परतते आणि पंधरा दिवसांत शाळा बंद. ती उघडते जूनच्या मध्यावर, आणि चार महिन्यांनी टोळी पुन्हा निघते. कायद्याचे २०० दिवस शाळेने पाळलेले असतात. तक्रार करायला जागाच नाही, कारण नियम मोडलेलाच नाही.

१९/
इथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. आमचे गाव बालाघाटच्या डोंगरात आहे आणि आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. २०१० चा उन्हाळा. मी दहा वर्षांचा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिलला लागू होऊन जेमतेम महिना झाला होता. त्या सुट्टीत आईला जनगणनेच्या घरयादीचे काम लागले. मी पाण्याची बाटली घेऊन तिच्यामागे हिंडत असे. छप्पर कशाचे, पाणी कुठून, दिवा कशाचा, माणसे किती. प्रश्न विचारायचे आणि दारावर क्रमांक टाकायचा.

२०/
माझ्या बाकावरचा सोबती दिवाळीत गेला होता, तो गुढीपाडव्यानंतर परतला होता. आम्ही त्याच्या दारात गेलो तेव्हा तो शेळ्या सोडत होता. आईने त्याच्या वडिलांना प्रश्न विचारले, रकाने भरले. निघताना त्याने विचारले, "बाई, शाळा कवा उघडनार?" आई म्हणाली, "जूनमध्ये." मग तिने सहज त्याला तेराचा पाढा म्हणायला सांगितला. तो सहापर्यंत गेला आणि थांबला. गावात शिक्षिका होती, विद्यार्थी होता, शाळेची इमारतही होती. शिक्षिकेच्या हाती घरयादी, विद्यार्थ्याच्या हाती काठी आणि शाळेला कुलूप. त्या चित्रात दोष कोणाचा, हे मला आजही एका नावात सांगता येत नाही.

२१/
आता पहिले वाक्य : "मास्तरांचे बरे आहे." दीर्घ सुट्टी मिळते या कारणास्तव शिक्षकांना इतर सरकारी कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा मिळत नाही, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे ती सुट्टी फुकटची नाही. तिची किंमत दुसऱ्या खात्यातून वळती झालेली असते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातले मतदान १९ एप्रिल ते २० मे या काळात पाच टप्प्यांत झाले. ते दिवस कोणाच्या सुट्टीतले होते, हे तुमच्या शाळेतल्या बाईंना विचारा.

२२/
आणि ज्यांना सुट्टीची धास्ती वाटते असेही शिक्षक आहेत. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. तास नाही, तर पैसे नाहीत. दिवाळी आणि मे हे त्यांच्या घरातले रिकामे महिने. इतिहासात एम. ए. करणाऱ्या आमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला सेट-नेटनंतर हेच येणार आहे. म्हणून सुट्टीचे अर्थशास्त्र आम्हाला लवकर कळते. एकाच स्टाफरूममध्ये एकाला सुट्टी म्हणजे प्रवास आणि दुसऱ्याला उधारी.

२३/
"पण वेळापत्रक राज्यभर एकच हवे, स्थानिक बदल केले तर गोंधळ होईल," असे म्हटले जाते. तो बदल आजही होतोच. उष्म्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. शासनाच्या वार्षिक परिपत्रकात एकूण सुट्ट्या ७६ पेक्षा जास्त नसाव्यात असे असते; त्याचबरोबर उन्हाळी किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ती गणेशोत्सव किंवा नाताळासाठी समायोजित करण्याची मुभाही असते. कोकणात गणपतीला शाळा बंद असतात त्या याच मार्गाने. आणि ते योग्यच आहे. गणपतीत कोकणातल्या मुलाला वर्गात बसवणे व्यर्थ आहे.

२४/
तर मग प्रश्न असा की उष्म्यासाठी वाकणारे, गणपतीसाठी वाकणारे वेळापत्रक कोयत्यासाठी का वाकत नाही? मला याचे उत्तर एकच दिसते. गणपतीला घरी जाणाऱ्या कुटुंबाचा आवाज शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत पोचतो. ऊसतोडीला गेलेले कुटुंब परिपत्रक निघते तेव्हा फडात असते.

२५/
उलट दिशेची मागणीही आहे : सर्वत्र केंद्रीय मंडळाप्रमाणे एप्रिलपासूनच वर्ष सुरू करावे. गोव्यात २०२५ साली सहावीपासूनच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले, तेव्हा पालकांत बरीच नाराजी उमटली. एप्रिलला माझा मुळात विरोध नाही. ऊसतोड पट्ट्यात तर तो हवाच आहे. विरोध आहे तो कारणाला. बीडच्या मुलासाठी एप्रिल हवा, की दिल्लीच्या तारखांशी तारीख जुळावी म्हणून? दुसऱ्या कारणाने आणलेला एप्रिल उद्या दुसऱ्याच कारणाने जाईल.

२६/
नवा कायदाही लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ९ स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे गावाकडे जिल्हा परिषदेसारख्या संस्थांची, कर्तव्ये सांगते. त्यात एक कर्तव्य आहे स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची खात्री करण्याचे. आणि त्याच कलमात आणखी एक आहे : शैक्षणिक वेळापत्रक ठरवण्याचे. दोन्ही कर्तव्ये एकाच संस्थेची, एकाच पानावर. १८८३ ची शिफारस २००९ मध्ये कायदा होऊन बसली आहे. तिचा वापर करणे तेवढे बाकी आहे.

२७/
थोडा ढोबळ हिशेब मांडतो. १५ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर हे २०० दिवस होतात. रविवार काढले की सुमारे १७०, सणवार काढले की सुमारे १५५. आजच्या मे-जूनच्या सुट्टीमुळे यातले साधारण ३८ कामाचे दिवस जातात आणि त्या मुलाच्या हाती ११५-१२० च्या आसपास उरतात. ऊसतोड तालुक्यांत मे महिन्यात सकाळची शाळा भरवली, तर १५५ दिवस मूल आपल्या गावात, आपल्या बाईंसमोर असेल. उरलेल्या ४५ दिवसांसाठी वसतिगृह किंवा साखरशाळा. याने प्रश्न संपत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाठ सहापर्यंत येऊन थांबतो, तो दहापर्यंत जाईल.

२८/
आक्षेप येतील. मे महिन्यात शिकवणाऱ्या शिक्षकांचे काय? त्यांना तितकीच सुट्टी वर्ग रिकामे होतात तेव्हा, हिवाळ्यात, पाळीपाळीने द्यावी किंवा अर्जित रजा हक्काने खात्यात जमा करावी. उपकार म्हणून नको. मे महिन्यातली बिगरशालेय कामे मात्र त्या तालुक्यांत दुसऱ्या यंत्रणेने करावीत. बोर्डाच्या परीक्षांचे काय? हा सारा विचार पहिली ते आठवीपुरता आहे, जिथे बोर्डाची परीक्षा नसते. उष्म्याचे काय? शाळा सातला भरवा आणि अकराच्या आत सोडा; मुलाला शाळेत पाणी आणि जेवण मिळेल. बदल्यांचे, पुस्तकवाटपाचे अडथळे खरे आहेत. ते कचेरीचे अडथळे आहेत आणि कचेरीनेच सोडवायचे आहेत.

२९/
उत्तररामचरितातल्या सौधातकीला सुट्टीचा आनंद झाला, कारण दुसऱ्या दिवशी पाठ पुन्हा सुरू होणार याची त्याला खात्री होती. ती खात्री असेल तरच सुट्टी ही सुट्टी असते. माझा सोबती सातवीनंतर शाळेत दिसला नाही. त्याने शाळा सोडली, असे हजेरीपट सांगेल. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. हजेरीपटावर एवढा भरवसा ठेवू नये, हे शिकलो आहे.

३०/
शेवटी एक विनंती. या सुट्टीत आजी-आजोबांना विचारा : तुमची शाळा कधी भरायची, कधी सुटायची, आणि वर्गातले कोण कोणत्या महिन्यात यायचे बंद व्हायचे? उत्तरे इथे खाली लिहा. गावाचा जिल्हा आणि साधारण साल तेवढे नक्की टाका. सुट्ट्यांचा इतिहास परिपत्रकांत अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा त्या महिन्यांच्या आठवणींत आहे. थ्रेड समाप्त.